आगोटीची बेगमी

कोकणात मे महिना लागला की घरोघरी एकच लगबग सुरू होते. कौलं परतायची, फुटकी बदलायची, पडवीला माडाच्या झापांचा आडोसा करायचा, सरपण आत घ्यायचं, सुकट-बोंबील, जाडं मीठ, आमसुलं, पापड, कुरडया डब्यांत भरून ठेवायच्या. ही आगोटीची बेगमी. यंदाचा पाऊस कसा असेल हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नसतं. कमी पडेल, पंधरा दिवस उशिरा येईल, एखाद्या वर्षी न परतलेलं छप्परही गळणार नाही. तरी कौलं परतायला कुणी मृगाची वाट पाहत बसत नाही. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढता येत नाही, एवढं प्रत्येकाला कळतं.

हवामानबदलाचा विषय निघाला की हीच शहाणीसुरती माणसं निराळं बोलू लागतात. ‘अजून नक्की कुठं ठरलंय?’ ‘शास्त्रज्ञांचंच म्हणे एकमत नाही.’ ‘बघू, वेळ आली की करू काहीतरी.’ ही वाक्यं मी शिकल्यासवरल्या घरांत ऐकतो, शेतकऱ्यांच्या बैठकीत ऐकतो आणि निवडून आलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकतो. बोलणारे वाईट नसतात. पक्की माहिती हाती आल्याशिवाय खर्चाचा निर्णय घेऊ नये, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच, की नेमकं किती बिघडणार हे कळण्याआधीच कामाला लागणं शहाणपणाचं आहे, आणि ते आपल्याला परवडतंही.

मुळात ठरलेलं पुष्कळ आहे. कोळसा, तेल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि जमिनीवरून आकाशाकडे परत निघालेली उष्णता तो अडवतो, हे भौतिकशास्त्र दीडशे वर्षांहून जुनं आहे. हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1896 मध्ये कागदावर मांडलं होतं. 1958 पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर हवेतला हा वायू सातत्यानं मोजला जातो. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता, आज 420 च्या वर गेला आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो 280 होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या आठ लाख वर्षांत तो आजच्या जवळपासही गेलेला दिसत नाही. 300 हीच त्याची वरची मर्यादा. आणि 2024 हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त.

ठरलेलं नाही ते पुढचं. हा वायू 280 वरून दुप्पट झाला तर पृथ्वीचं सरासरी तापमान शेवटी किती वाढेल? संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीनं 2021 च्या अहवालात याचं उत्तर दिलं: बहुधा अडीच ते चार अंश, त्यातही तीनच्या आसपास असण्याची शक्यता सर्वांत जास्त. शास्त्रज्ञांत वाद आहे तो इथे. तापमान वाढतंय की नाही किंवा ते कुणामुळे वाढतंय, यावर नाही. ढग कसे वागतील, समुद्र किती उष्णता पोटात घेईल, बर्फ किती वेगानं वितळेल, अशा बाबींवरून आकडा खालीवर होतो.

आता या अडीच आणि चारकडे नीट बघा. अडीच हा काही सुखाचा आकडा नाही. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणजे जगाची सरासरी अडीच अंशांनी वाढेल तेव्हा चंद्रपूर, अकोला, जळगावकडचा मे महिना बहुधा त्याहून जास्तच वर गेलेला असेल. चार हा तर कल्पनेबाहेरचा आकडा आहे. ‘नक्की माहीत नाही, म्हणून थांबू’ असं म्हणणारा माणूस न बोलता एक गोष्ट गृहीत धरतो: जे कळलेलं नाही ते आपल्या सोयीचंच निघेल. असं मानायला काहीही आधार नाही. ते गैरसोयीचं निघण्याची शक्यता निदान तेवढीच आहे, आणि तसं निघालं तर होणारं नुकसान कितीतरी मोठं आहे. माहिती अपुरी असेल तर जास्त जपायचं असतं. आपण रोजच्या व्यवहारात हेच करतो.

‘हवामान तर नेहमीच बदलत आलंय, बहात्तरचा दुष्काळ काय गाड्यांच्या धुरानं पडला होता?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. कित्येक शतकांपूर्वी दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हा तर गाड्याच नव्हत्या. पण शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाचेक अंश तापली, त्याला हजारो वर्षं लागली. आपण दीडशे वर्षांत एका अंशाहून जास्त चढलो आहोत, आणि त्यातला मोठा भाग माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत. पूर्वी बदल झाला तेव्हा नदीकाठी कोट्यवधींची शहरं नव्हती, माणूस पाल उचलून दुसरीकडे जाऊ शकत होता. नाशिकचा द्राक्षबागायतदार बाग उचलून कुठे जाणार?

महाराष्ट्रातल्या माणसाला हे आकडे पावसाच्या भाषेत जास्त कळतील. पुण्यात भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतावर मोठ्या पट्ट्यात एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच काळात तिथला एकूण पाऊस मात्र घटला, असं त्यांना आढळलं. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जमिनीत मुरणारा भीज पाऊस कमी झाला, बांध फोडून जाणारा वाढला; मध्ये वीस-वीस दिवसांची उघडीप आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी चिपळूण बुडालं आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली.

इथे एक पथ्य पाळलं पाहिजे. एखादी घटना उचलून ‘हा बघा हवामानबदल’ असं म्हणू नये. चिपळूणच्या पुराला नदीतला गाळ आणि पात्रातली बांधकामंही कारण आहेत. दरडींमागे डोंगरउतारावरचं तोडकाम असतं. पण हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते बाष्प शेवटी खालीच येतं. आधीच पोखरलेल्या डोंगरावर आता जास्त जोराचा पाऊस पडणार आहे. आपल्या चुका पूर्वी खपून जात होत्या, यापुढे त्या खपणार नाहीत.

मुंबईची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण थांबून राहण्याची किंमत इतक्या उघडपणे क्वचितच दिसते. 1985 मध्ये मुंबईत पावसाचं पाणी तुंबून मोठा हाहाकार झाला. त्यानंतर महापालिकेनं पर्जन्यजल निचऱ्याचा सगळा अभ्यास करून घेतला आणि 1993 मध्ये अहवाल हाती आला. ‘ब्रिमस्टोवॅड’ या अवघड नावानं तो ओळखला जातो. त्याचं म्हणणं साधं होतं: शहरातली गटारं ब्रिटिश काळात ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधली आहेत, ती ताशी 50 मिलिमीटरला पुरतील अशी करा; भरतीच्या वेळी समुद्र पाणी आत घेत नाही, म्हणून उदंचन केंद्रं बांधा; नाले रुंद करा. खर्च सुमारे 600 कोटी. महापालिकेला तो फार वाटला. एवढा पाऊस रोज थोडाच पडतो, हाही विचार असणार. थोडीफार कामं झाली, बाकी अहवाल तसाच राहिला.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, माणसं कमरेएवढ्या पाण्यातून रात्रभर चालत राहिली, कित्येक जण गाडीच्या बंद काचांआड गुदमरून गेले. एकट्या मुंबईत चारशेहून जास्त आणि राज्यभरात हजाराहून जास्त माणसं त्या आठवड्यात दगावली. मग तोच अहवाल बाहेर निघाला. तोपर्यंत खर्चाचा आकडा दुप्पट होऊन 1,200 कोटींवर गेला होता आणि पुढे तो आणखी वाढत राहिला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर 1993 चं सगळं काम वेळेवर झालं असतं तरी 944 मिलिमीटर पाऊस त्या गटारांत मावला नसता. शहर बुडालंच असतं. पण पाणी लवकर ओसरलं असतं आणि काही माणसं घरी पोचली असती. सावधगिरीकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच. संकट नाहीसं करणं तिच्या हातात नसतं. तडाखा सोसण्याजोगा करणं असतं. आणि ते काम हाती घ्यायला 1993 साली कुणालाही 2005 चा पाऊस आधी दिसायला हवा होता असं नाही. 1985 पुरेसं होतं.

याच्या उलट उदाहरण ओडिशाचं. 29 ऑक्टोबर 1999 ला तिथे महाचक्रीवादळ आलं आणि सरकारी हिशेबानंच दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. गरीब राज्य, लांबलचक किनारा, कुडाची घरं. त्यांनी त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं. पुढच्या वर्षांत किनाऱ्यावर खांबांवर उभ्या, पक्क्या निवारा इमारती बांधत नेल्या. एरवी त्यांत शाळा भरते, गावच्या सभा होतात. वादळ आलं की सगळं गाव आत. गावोगावी स्वयंसेवक ठरले. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणी बाळंतीण आहे, कुणाला उचलून न्यावं लागेल, याच्या याद्या झाल्या. दरवर्षी सराव होऊ लागला. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते; मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. 3 मे 2019 ला फणी आलं, बारा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले. ओडिशात 64 मृत्यू झाले. चौसष्ट घरांत दुःख झालंच. पण दहा हजार कुठे आणि चौसष्ट कुठे!

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. लोक हलवण्याचा निर्णय झाला तेव्हा वादळ समुद्रात होतं. ते नेमकं कुठे धडकणार हे दोन-तीन दिवस आधी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. शंभरेक किलोमीटर इकडेतिकडे होतं. ‘खात्री झाल्यावर बसगाड्या सोडू’ असं ओडिशाच्या अधिकाऱ्यांनी म्हटलं असतं तर खात्री झाली तेव्हा रस्त्यावर झाडं पडलेली असती.

आणि सावध राहूनही संकट आलंच नाही तर? असंही होतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ मुंबईवर येणार म्हणून सगळी यंत्रणा जागी होती. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कोविड केंद्रातले रुग्णसुद्धा आधीच दुसरीकडे नेले होते. वादळ दक्षिणेला अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात धडकलं आणि मुंबई बरीचशी वाचली. तेव्हा ‘उगीच एवढी धावपळ’ म्हणणारे भेटले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या लोकांना विचारा. त्या दुपारी त्यांच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या, वडिलांनी शिंपलेल्या, पोरांची शिक्षणं ज्यांच्यावर झाली अशा वाड्या. घरावरचे पत्रे महिन्याभरात बसवता येतात. नव्या सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, भर येण्याला त्याहून जास्त. पैसे मिळाले तरी मधली वर्षं मिळत नाहीत. अरबी समुद्रातली वादळं गेल्या दोन दशकांत वाढल्याचं पुण्याच्या त्याच मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे, आणि त्याच्या मुळाशी तापलेलं पाणी आहे.

भरून न येणारं नुकसान, हाच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा हवेत शतकानुशतकं टिकतो. उद्या जगातली सगळी धुराडी एकदम थांबली तरी तापमानाची वाढ थांबेल, पण ते खाली येणार नाही. आपल्या नातवंडांच्या हयातीत तर नाहीच. चाळीस वर्षांनी ‘शास्त्रज्ञ बरोबर होते’ असं एकमतानं ठरलं, तर त्या एकमताचा उपयोग काय?

जगानं एकदा हे शहाणपण दाखवलेलं आहे. फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांतले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर खातात, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 1974 मध्ये दिला. कंपन्यांनी पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. 1985 मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र सापडलं. त्याचं कारण निर्विवाद सिद्ध होण्याआधीच, 16 सप्टेंबर 1987 ला माँट्रियलमध्ये करार झाला. पुढे पुरावा पक्का झाला, भारतही 1992 मध्ये करारात आला. फ्रिज काही घरांतून गेले नाहीत, वायू बदलले. ओझोनचा थर आज हळूहळू भरून येतो आहे. 1992 च्या रिओ परिषदेत तर जगातल्या देशांनी हे तत्त्व लेखी मान्य केलं, की भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तिथे पूर्ण खात्री नाही ही सबब चालणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या खटल्यात ते देशाच्या कायद्याचा भाग मानलं.

आता सर्वांत बोचरा प्रश्न. ‘धूर अमेरिकेनं सोडला, काटकसर आम्ही का करायची?’ यातला राग खरा आहे. भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. आजवर साठलेल्या धुरात आपला वाटा फार थोडा आहे. श्रीमंत देशांकडे हिशेब मागायलाच हवा, आणि तो आपल्या सरकारनं ठणकावून मागावा. पण हिशेब चुकता होईपर्यंत ऊन आणि पाऊस थांबणार नाहीत. एकूण बेरजेत आपण आज जगात तिसरे आहोत, तेव्हा आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही हेही खरं नाही. आणि बेगमीचा मोठा भाग तर असा आहे, की त्याचा फायदा थेट आपल्याच माणसांना होतो.

हाच न्याय घरातही लावू. कर्जतच्या कातकरी पाड्यावर किंवा मेळघाटातल्या कोरकू घरात विजेचा एक दिवा आणि पंखा आहे; त्यांना काटकसर सांगणं निर्दयपणाचं आहे, त्यांना जास्त वीज मिळाली पाहिजे. काटकसर करायची आहे ती तीन एसी आणि दोन गाड्या असलेल्यांनी. हे वाचणाऱ्यांत अशी घरं असतील. बोलणं त्यांच्याशी आहे.

समजा, शास्त्रज्ञ चुकले आणि तापमान फारसं वाढलंच नाही. तर आपलं काय गेलं? सरकारच्या उजाला योजनेत एलईडी दिवे एकगठ्ठा खरेदी झाले तेव्हा एका दिव्याची खरेदी किंमत दोन वर्षांत तीनशेहून जास्त रुपयांवरून चाळिशीच्या आत आली. देशभर कोट्यवधी दिवे बदलले, लोकांचं बिल कमी झालं. त्यात तोट्यात कोण गेलं? आपण वापरतो त्यातलं 85 टक्क्यांहून जास्त खनिज तेल बाहेरून येतं. ते कमी लागलं तर पैसा देशात राहील. कोराडी आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रांशेजारी राहणाऱ्यांना विचारा, राख कपड्यांवर, पिकांवर आणि छातीत कशी बसते. कोळसा कमी जळला तर त्यांचा श्वास आज सुधारेल, वर्षानुवर्षं वाट पाहावी लागणार नाही. सावध माणूस चुकला तर त्याच्या हाती स्वच्छ हवा आणि कमी बिल उरतं. बेसावध माणूस चुकला तर हाती काय उरेल, हे तळियेनं दाखवलं आहे.

तेव्हा सुरुवात अशा कामांपासून करा जी दोन्ही बाजूंनी फायद्याची आहेत. घरातला पंखा बिघडला की नवा बीएलडीसी घ्या. जुना 75 वॅट खातो, हा 30 वॅटच्या आसपास, आणि वारा तेवढाच. एसी 24 अंशांवर ठेवा. दर अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते. छत स्वतःचं असेल तर त्यावर सौर पॅनेल बसवा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरलेलं आहे. सोसायटीत राहत असाल तर वरची गच्ची कुणाची यावर भांडण्याआधी तिचा उपयोग काय, हे वार्षिक सभेत विचारा.

शेतकरी बंधूंना मी शहाणपण शिकवणार नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा कृषी विद्यापीठांचा सल्ला आणि दुबार पेरणीची झळ दोन्ही त्यांना ठाऊक आहेत. पण सोयाबीनच्या पट्ट्यात रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे बीबीएफवर पेरणाऱ्यांना विचारून पाहा. पाऊस धो धो पडला तर सरीतून पाणी निघून जातं, ओढ दिली तर तीच सरी ओल धरते. पाऊस कमी पडेल की जास्त, हे न ठरवता केलेली ही तयारी आहे. विहिरीचं पुनर्भरण, बांधबंदिस्ती, एका पिकावर सगळी मदार न ठेवणं, हे त्याच जातीचं काम.

उन्हाचंही तसंच. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत 46 अंशांच्या वर पारा गेला आणि नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू नोंदले गेले. 2013 पासून तिथे उष्णता कृती आराखडा आहे: आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांत तयारी, बांधकामांवर दुपारची सुट्टी, पाणपोया, झोपडपट्टीच्या पत्र्यांना पांढरा चुना. त्यामुळे वर्षाला सरासरी हजाराहून जास्त मृत्यू टळल्याचा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला. चुना आणि फोन यांना कितीसे पैसे लागतात? आपल्याकडे 16 एप्रिल 2023 ला खारघरला भर उन्हात झालेल्या सोहळ्यात 14 माणसं दगावली. दुपारचे उघड्यावरचे कार्यक्रम बंद करायला कोणत्या संशोधनाची वाट पाहायची आहे?

सावधगिरीच्या नावानं होणारं सगळंच चांगलं असतं असंही नाही. झाडं लावली जातात आणि पुढच्या मेमध्ये तिथे फक्त खड्डे असतात. त्यापेक्षा उभं असलेलं कांदळवन आणि देवराई राखणं हजारपट मोलाचं. सौरपंपाची वीज फुकट म्हणून दिवसभर उपसा केला तर भूजल आटेल. आणि कोळसा कमी करायचा तर वणी, बल्लारपूर, चंद्रपूरच्या खाणकामगारांच्या पोटापाण्याची सोय आधी व्हायला हवी, नंतर नव्हे. खाणी बंद पडल्यावर त्यांच्याकडे बघू, असं म्हणणं हीसुद्धा बेसावधगिरीच आहे.

घरापुरतं करून थांबू नका. पंखा बदलून डोंगर वाचत नाही. त्यासाठी सार्वजनिक निर्णय लागतात आणि ते विचारल्याशिवाय होत नाहीत. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. म्हणून यादीत आपलं नाव नाही यावर निर्धास्त राहू नका. डोंगराला भेग पडली असेल, झरा नव्या जागी फुटला असेल, झाडं आणि विजेचे खांब कलले असतील, तर फोटो काढा, तारीख टाका, तहसीलदारांना लेखी द्या आणि पोच घ्या.

ग्रामसभा 1 मे ला असते, पावसाच्या बरोबर आधी. त्या दिवशी जा आणि चार प्रश्न विचारा: अतिवृष्टी झाली तर गाव कुठे हलणार, म्हातारी-आजारी माणसं कोण उचलणार, उन्हाळ्यात मजुरांची दुपारची वेळ कोण बदलणार आणि शाळा, ग्रामपंचायत, दवाखान्याच्या छतांवर सौर पॅनेल कधी बसणार. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. शहरात असाल तर हेच प्रश्न प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी विचारा, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा.